दोन पाट्या काड, एक पाटी निवडुंग

बिरदेवाच्या देवळात, यात्रेच्या गर्दीत, हळदीनं पिवळा झालेला हात वर करून बाळासो रानगे जे बोलून बसले होते, ते त्यांना तीन आठवडे झोपू देत नव्हतं.

"विजय म्हणंल तसं. मेंढरं इकूया म्हणला तर इकायची. मी न्हाय म्हणणार न्हाय. ह्यो भंडारा उचलला!"

भंडारा उचलून दिलेला शब्द रानग्यांच्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता. तो मोडणारा पहिला मर्द आपण व्हावं असं बाळासोंना वाटत नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी काही नवीन करून दाखवायची त्यांना हौस नव्हती.

बोलताना डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच. त्या दिवशी यात्रेत कुणीतरी त्यांच्या नाकासमोर मोबाईल धरला होता. मोबाईलमध्ये त्यांची धाकटी सून निशिगंधा कोयत्यानं निवडुंगाची जाडजूड पानं चिरत होती, काडात कालवत होती, आणि रानग्यांची मेंढरं जावळाच्या जेवणाला बसल्यासारखी खात होती. खाली कुणी तरी लिहिलं होतं, 'बाळासोंच्यात आता पावण्यांनाबी ह्योच बेत.' हसणारी तोंडं तर मोजायच्या पलीकडची.

निवडुंगाला माळावर सगळे फड्या म्हणतात आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात. निशिगंधानं तीन पावसाळ्यांपूर्वी कुठल्याशा शेतकरी मेळाव्यातून बिनकाट्याच्या फड्याची पोतंभर पानं आणली आणि घरामागच्या मुरमाड उतारावर रोवली, तेव्हाच बाळासोंनी घर डोक्यावर घेतलं होतं. फड्या उगवतो तो पडक्या घरांच्या पायावर. आमच्या घराला काय धाड भरली? त्यात ही पोरगी आजऱ्याची, गुडघाभर पाण्यातल्या भाताची. हिला माळावरची मेंढरं काय कळणार?

पण यंदा पावसानं हात आखडता घेतला. माळावरचं गवत फेब्रुवारीतच करपलं. कारखान्यांची धुराडी थंडावली तसं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडंही संपलं. उरलं गव्हाचं काड. नुसतं काड खाऊन मेंढरांची पोटं नगाऱ्यासारखी दिसतात आणि पाठीवर हात ठेवला तर मणके टोचतात. शेजारच्या वाडीतले दोन कळप असेच बसले ते उठले नाहीत. रानग्यांची मेंढरं मात्र उभी होती. काडाबरोबर फड्या आणि वर मूठभर पेंड, एवढ्यावर ती पाणीसुद्धा कमी मागत होती. हे बाळासोंना दिसत नव्हतं असं नाही. आसपास कुणी नाही असं बघून ते एकेका मेंढीच्या पाठीवर हात फिरवायचे, मांस लागतंय म्हटल्यावर मनातून सुखावायचे आणि घरात येऊन फड्याला शिव्या द्यायचे.

आणि आता विजय म्हणाला होता, इकूया. थोरला विजयसिंह राजारामपुरीत स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवायचा. शिकवायचा झकास, पण घरी आला तरी फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायचा. आई-आबांना आपल्या फ्लॅटवर न्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि त्यात पाप काहीच नव्हतं. पाप होतं ते तिसऱ्या मजल्यात. गेल्या खेपेला बाळासो चार दिवस राहिले, तर चारही दिवस वॉचमननं त्यांना कोणाकडे आलात म्हणून विचारलं. मेंढरं गेली की आपल्याला उरलेला जन्म त्या वॉचमनला उत्तरं देत काढायचा आहे, या विचारानं बाळासोंना भाकरी गोड लागत नव्हती.

पण न्हाय म्हणायची सोय नव्हती.

शनिवारी निशिगंधा भावाच्या पोराच्या बारशाला आजऱ्याला निघाली. जाताना तिनं सासऱ्याला वैरण बजावून सांगितली.

"मामा, दोन पाट्या काड, एक पाटी फड्या. वरनं पेंड. नुसता फड्या घालू नकासा, हगवण लागती."

"जा गं तू," बाळासो म्हणाले. "मला शिकवाय लागली."

वैरणीचं हे वाक्य ती रोज बोलायची. बाळासो ते रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण त्या दिवशी एसटी वळणाआड गेली आणि ते वाक्य त्यांच्या डोक्यात घोळायला लागलं. रविवारी मेंढरांचा व्यापारी मीरासाब मेंढरं बघायला येणार होता. शब्द असा होता की बाळासो न्हाय म्हणणार नाहीत. गिऱ्हाईक न्हाय म्हणणार नाही, असा भंडारा कुणीच उचलला नव्हता.

त्यांनी काडाच्या गंजीकडे बघितलं, फड्याकडे बघितलं, आणि कोयता हातात घेतला.

*

रविवारी सकाळी मीरासाब आला तो पांढऱ्याशुभ्र लेंग्या-शर्टात. त्याच्या बापानं बाळासोंच्या बापाशी मेंढरांचा व्यवहार केलेला, त्यामुळे तो घरचाच. उंबऱ्यातनंच ओरडला, "वहिनी, चहा टाका, साखर नको, डॉक्टर म्हणतोय मरशील!"

"मग दोन चमचं घालते," बयाबाई आतून म्हणाल्या. बाळासोंशी संसार करून त्यांच्या जिभेला धार आली होती.

अंगणात विजयसिंह आणि त्याची बायको संयोगिता खुर्च्यांवर बसले होते. संयोगितानं मोतिया रंगाची साडी नेसली होती, म्हणजे तिला वाटलं होतं व्यवहार लिंबाखाली बसून होणार. धाकटा आदर्श, निशिगंधाचा नवरा, दूध संघाचा टेम्पो लावून नुकताच आला होता. त्याला मेंढरं विकायची होती की ठेवायची, हे त्याच्याशी शेवटचं कोण बोललं त्यावर अवलंबून असायचं. निशिगंधा पहाटेच्या गाडीनं येऊन आत भाकरी थापत होती. अजून मेंढरांकडे गेली नव्हती.

"चला काका, बघून घेऊ," विजयसिंह म्हणाला. "मुद्दा एक, कळप तब्येतीनं चांगला आहे. मुद्दा दोन..."

"मुद्दं तिकडंच सांग," मीरासाब म्हणाला.

घरामागं जाळीची वाघर लावून केलेल्या कोंडवाड्याशी सगळे गेले. बाळासो मुद्दाम मागं राहिले. वास पुढं आला.

मीरासाबनं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि आत शिरून कळपातल्या मोठ्या मेंढ्याची पाठ चाचपली. या मेंढ्याचं नाव सम्राट. आदर्शनं ठेवलेलं. सम्राटानं मान वळवून मीरासाबकडे बघितलं, शेपटी उचलली आणि इतक्या जोरानं पोट मोकळं केलं की मीरासाबचा लेंगा गुडघ्यापर्यंत हिरवा झाला. बाकीच्या मेंढ्या जणू त्याचीच वाट बघत होत्या. जिकडंतिकडं पिचकाऱ्या सुटल्या. संयोगिता किंचाळून मागं सरली तोवर मोतिया साडीलाही प्रसाद मिळाला होता.

"या अल्ला," मीरासाब दोन्ही हात वर धरून म्हणाला. "बाळू, हे रे काय? एकजात सगळ्यांची मशीन बिघडलीया?"

बाळासो आकाशाकडे बघत राहिले. आत कुठंतरी त्यांना असं हसू येत होतं की दात घट्ट आवळावे लागले.

"काका, हे तात्पुरतं..." विजयसिंहाचे मुद्दे संपले होते.

"भावा, आजारी माल मी न्हेत न्हाय. बाजारात माझं तोंड हाय." मीरासाब वाघरीतनं बाहेर आला. "वहिनी! चहा ऱ्हाऊ दे, आधी पाणी द्या!"

झालं. बाळासोंना वाटलं, झालं. आता मीरासाब जाईल, विजय चिडेल, दुपारी मटण होईल आणि आयुष्य होतं तसं चालू राहील. हा सगळा हिशेब त्यांनी फड्या चिरताना केला होता, आणि एक गोष्ट त्यात धरली नव्हती.

"ह्या फड्यामुळं!" विजयसिंह गरजला. "मी पहिल्यापासून सांगत होतो. निशिगंधा! बाहेर ये!"

निशिगंधा पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं मेंढरं बघितली आणि तिचा चेहराच उतरला. ती तशीच वाघरीत शिरली, घाणीतून चालत थेट पलीकडच्या कोपऱ्यात गेली. तिथं दोन महिन्यांचं एक कोकरू आडवं पडलं होतं. मान टाकून.

बाळासोंचं हसू तिथंच थिजलं. कोकरांचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठी मेंढरं दोन दिवसांत सावरतील, हे त्यांनी धरलं होतं. कोकरांना वेगळं काढायला हवं होतं. उभा जन्म मेंढरांत काढलेला माणूस, आणि एवढं सुचलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, चक्क लाज.

"आत्ती, मीठ-साखरेचं पाणी आणा," निशिगंधा ओरडली. "कोमट करून."

"पाणी कसलं मागतेस, आधी उत्तर दे," विजयसिंह म्हणाला. "अख्ख्या कळपाला तू विष घातलंस. गाव हसलं ते हसलं, आता गिऱ्हाईकाचा लेंगासुद्धा..."

"माझा लेंगा काढू नको मध्ये," मीरासाब म्हणाला.

"दादा म्हणतोय ते बरोबर हाय की," आदर्श म्हणाला, कारण शेवटी दादा बोलला होता.

निशिगंधा कोकरापाशी गुडघ्यावर बसली. तिनं वळून काडाच्या गंजीकडे बघितलं. गंज तिनं शनिवारी सोडली तशीच होती, एक काडीसुद्धा उपसलेली नव्हती. मग फड्याकडे बघितलं. उतारावरच्या दोन ओळी कोयत्यानं भुंड्या केलेल्या. मग तिनं बाळासोंकडे बघितलं. फार वेळ नाही, बयाबाई तांब्या घेऊन येईपर्यंतच. पण बाळासोंना तेवढं पुरलं. पोरीला कळलं होतं. ती आता सांगेल, आणि सगळ्यांसमोर आपली शोभा होईल.

तिनं सांगितलं नाही. कोकराची मान मांडीवर घेतली आणि बोट पाण्यात बुडवून त्याच्या तोंडात घालत बसली.

तिच्या त्या गप्प बसण्यानं बाळासोंचा जीव आणखी कातावला. शिव्या घातल्या असत्या तर उलट घालता आल्या असत्या.

विजयसिंहानं फोन काढला. खाली रस्त्याचं काम चालू होतं, तिथला जेसीबीवाला त्याचा जुना विद्यार्थी. "हां, सर बोलतोय. मशीन घेऊन वर ये. घरामागं निवडुंग आहे, मुळासकट काढायचाय. आत्ता."

"अवो, कायतरीच काय," संयोगिता म्हणाली. इतका वेळ ती पदराचं टोक दोन बोटांत धरून उभी होती. "तिनं तीन वर्षं घालवल्यात त्यात."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"साडी माझी घाण झालीय, तरी मी म्हणतेय. मशीन कशाला? आधी इचारा तर तिला."

"विचारलं की! बोलतेय का ती?"

खालून जेसीबीचा घरघराट ऐकू यायला लागला. कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं काही वेळेवर येत नाही, जेसीबी येतो.

बाळासोंनी बयाबाईंकडे बघितलं. बयाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. काल फड्याच्या पाट्या वाहताना त्यांनी नवऱ्याला बघितलं होतं, आणि काही न बोलता त्याला जास्तीची भाकरी वाढली होती. आता त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडत होता, आणि तो उजेड बाळासोंना सोसवेना.

जेसीबी उतारापाशी आला. पिवळं बकेट वर उचललं गेलं. बाळासो धोतर सावरत निघाले, दुखऱ्या गुडघ्याला न जुमानता उतार चढले आणि फड्याच्या पहिल्या ओळीत, दोन झाडांच्या मध्ये, पानांवर पाठ टेकून बसले.

"आबा!" विजयसिंह ओरडला. "उठा! काटं लागतील!"

"काटं न्हाईत ह्याला," बाळासो म्हणाले.

तीन वर्षं ज्या माणसानं या झाडाला शिव्या घातल्या, तो त्यावर रेलून बसला होता.

"बंद कर ती मशीन," बाळासो जेसीबीवाल्याला म्हणाले. "आणि तुमी समदी ऐका. फड्यानं काय केलं न्हाय. पोरीनंबी न्हाय. तिची रीत दोन पाट्या काड, एक पाटी फड्या, वरनं मूठभर पेंड. तसं घातलं तर मेंढरं उन्हाळा काढत्यात. नुसता घातला तर हगत्यात. मी काल सकाळधरनं नुसता घातला."

"तुमी घातलासा?" आदर्शचा आ वासला.

"चुकून?" विजयसिंहानं विचारलं. बिचाऱ्यानं बापाला पळवाट दिली होती.

"चुकून कशाला? ठरवून."

मीरासाब आधी खुदकन हसला, मग लेंग्याकडे बघून त्याला आणखी चेव आला आणि तो पोट धरून खालीच बसला. बयाबाई मात्र हसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्या उताराच्या तळाशी आल्या.

"काल पाट्या उचलताना बघितलं तुमास्नी. मला वाटलं, सुनंच्या हाताला हात लावाय लागलं. माणूस सुधारला म्हणून चुलीपाशी बसून रडले मी! जास्तीची भाकरी घातली! परत करा ती भाकरी!"

"आता कुठनं परत करू, बये?"

"आबा," विजयसिंहाचा आवाज बसला होता. "देवळात भंडारा उचललासा. चार गावांच्या देखत. शब्द मोडलासा तुमी." बाप समोर असला आणि राग खरा असला की त्याची प्रमाण भाषा गळून पडायची.

"मोडला न्हाय," बाळासो म्हणाले. "मी कुठं न्हाय म्हणलं? मेंढरं म्हणली."

यावर संयोगितालाही हसू आवरेना. विजयसिंह मात्र तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "एवढंच हुतं तर सांगायचं की मला. माझ्याकडं यायचं न्हाय म्हणून."

बाळासोंना ते लागलं. खरं होतं ते. पोराला सांगायला तोंड उघडलं नाही आणि मेंढरांची आतडी पणाला लावली. "तुझं घर चांगलं हाय रं," ते म्हणाले. "पर तिथं माझं मला ओळखणारं कोण न्हाय. हितं मेंढरू बी वळखतंय."

विजयसिंहानं चपलेनं जमिनीवरचा एक खडा उडवला. मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाळासोंना ओळखीचं वाटलं, कारण ते त्यांचंच होतं. शनिवारी कोयता उचलताना असंच काहीतरी त्यांच्या तोंडावर असणार.

"शब्द काय हुता, आबा? नीट सांगा."

"विजय म्हणंल तसं."

"आणि?"

"मी न्हाय म्हणणार न्हाय."

"मग आता मी म्हणतो. काका, तुमी साक्षीला." विजयसिंह निशिगंधाकडे वळला. "आजपासनं मेंढरं निशिगंधाची. कवा काय घालायचं, कुठं न्यायची, इकायची का ठेवायची, ती म्हणंल तसं. आणि तिच्या हाताखाली राबायला गडी पायजे, तो आबा."

"आरं, बाई माणसाच्या हातात कळप..." बाळासो ताडकन उठले.

"काय? न्हाय म्हणताय?"

बाळासोंचं तोंड उघडं राहिलं. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. त्यांना देऊळ आठवलं, पिवळा हात आठवला, चार गावं आठवली. तोंड त्यांनी हळूहळू मिटलं.

"न्हाय म्हणलं न्हाय मी," ते पुटपुटले.

"दादाचं बरोबर हाय," आदर्श म्हणाला, आणि या खेपेला बयाबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला तो प्रेमाचा होता.

निशिगंधा वाघरीत बसूनच हे सगळं ऐकत होती. मांडीवरचं कोकरू तिचं बोट चोखायला लागलं होतं. मग त्यानं धडपड केली, पडलं, पुन्हा धडपडलं आणि वाकड्या पायांवर उभं राहिलं. तेव्हा कुठं तिनं डोळे पुसले, हाताच्या मागच्या बाजूनं, कारण पुढची बाजू पुसण्याच्या लायकीची नव्हती.

बाळासो उतरून जाळीपाशी आले. काय बोलावं ते कळेना. माफी मागायची त्यांना सवय नव्हती आणि सुनेपुढं तर नव्हतीच.

"जगंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"जगंल."

"मग... मी काय करू आता?"

निशिगंधानं सासऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. उभ्या जन्मात या माणसानं कोंडवाडा झाडला नव्हता. ते काम बायकांचं.

"मामा," ती म्हणाली, "खराटा भिंतीला हाय."

लेंग्यावर पाणी ओतता ओतता मीरासाबनं तांब्या खाली घेतला. बाळासोंनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा पोरांकडे. कुणीच मदतीला येईना. ते भिंतीपर्यंत गेले, खराटा घेतला आणि धोतराचा काचा मारून एका कडेनं झाडायला लागले. सुरुवातीला उलटा धरला होता. संयोगितानं सांगितलं तसा सुलटा केला.

अर्धा कोंडवाडा झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून थांबले. सम्राट त्यांच्या मागोमाग येऊन झाडलेली जागा परत घाण करत होता.

"संध्याकाळी काड किती पाट्या म्हणालीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

निशिगंधा कोकराला आईकडे सोडत होती.

"तुमास्नी ठावं हाय की, मामा," ती म्हणाली.